खंजीर खुपसलेलं झाड

'फ्रॉम हेल इट केम' या सिनेमाची गोष्ट कुणाला सांगायला घेतली, की समोरचा माणूस नेमका एकाच ठिकाणी हसतो. सुरुवातीला तो गंभीर असतो, कारण सुरुवात खरंच गंभीर आहे. प्रशांत महासागरातलं एक बेट. टोळीच्या सरदाराचा मुलगा किमो हातपाय बांधून जमिनीवर उताणा पडलाय. बापाच्या मृत्यूचा आळ त्याच्यावर आलाय. बेटावर आलेल्या अमेरिकन डॉक्टरांशी याची दोस्ती, त्यांच्याच औषधानं सरदार गेला, असं मांत्रिक सांगतो. खरं तर विष मांत्रिकानंच घातलंय, नव्या सरदाराशी संगनमत करून. किमोची बायको कोरे त्याच्यावर उलटते, कारण तीही त्या नव्या सरदाराला सामील आहे. ढोल वाजतात, किमोच्या छातीत खंजीर ठोकतात आणि मरता मरता तो बजावतो, की मी नरकातून परत येईन आणि तुमचा सूड घेईन. मग पोकळ ओंडक्यात घालून त्याला उभाच्या उभा पुरतात.

इथपर्यंत ऐकणारा मान डोलावत असतो. "मग?"

मग तो थडग्यातून झाड होऊन उगवतो.

"बरं."

आणि चालायला लागतो.

इथे हसतात. सगळे हसतात. 1957 च्या ऑगस्टमध्ये हा सिनेमा अमेरिकेत लागला तेव्हाही हसले असणार. त्या काळी एका समीक्षकानं नावातच उत्तर शोधून एका ओळीचं परीक्षण लिहिलं असं सांगतात: हा नरकातून आलाय ना, मग जाऊ दे परत तिथेच. हे परीक्षण नक्की कुणी, कुठे लिहिलं याबद्दल जो तो वेगळं सांगतो, म्हणजे ती बहुधा आख्यायिकाच. पण ही ओळ ठाऊक असलेल्यांतल्या बहुतेकांनी सिनेमा पाहिलेला नसतो, एवढं मात्र खात्रीनं सांगते.

मला हा सिनेमा आवडतो. चांगला आहे म्हणून नव्हे. चांगला तो नाहीच. पण याच्याबद्दल लोक जे जे बोलतात ते ऐकण्यात मला सिनेमाइतकीच गंमत वाटते. जुना, स्वस्तातला, जंगलातला भयपट पाहून प्रत्येकाला काहीतरी म्हणायचंच असतं. उत्तम सिनेमा पाहून उठलेला माणूस कधी कधी गप्प बसतो. असल्या सिनेमानंतर गप्प बसणारा मला अजून भेटायचाय.

आधी कारागिरांबद्दल. दिग्दर्शक डॅन मिल्नर, निर्माता जॅक मिल्नर. दोघे भाऊ, दोघेही मूळचे संकलक. यापूर्वी त्यांनी समुद्रातल्या एका राक्षसाचा सिनेमा काढला होता. वितरण अलाइड आर्टिस्ट्सचं. ही कंपनी म्हणजे पूर्वाश्रमीची मोनोग्राम, स्वस्तातले सिनेमे भराभर पाडणारी जुनी पेढी. पन्नाशीच्या दशकात नाव बदलून थोडी इभ्रतीत आली इतकंच. सिनेमा 71 मिनिटांचा. एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे तेव्हाचा जमाना, त्यामुळे याच्या जोडीला 'द डिसएम्बॉडिड' नावाचा जंगलातल्या जादूटोण्याचा आणखी एक होता. हे सिनेमे मोठ्या संख्येनं ड्राइव्ह-इनमध्ये चालत. गाडीत बसलेली तरुण पोरं पडद्याकडे किती बघत असतील देव जाणे. एका डोळ्यानं बघण्यासाठी काढलेला सिनेमा आपण आज दोन्ही डोळ्यांनी बघतो, मध्येच थांबवतो, मागे नेतो, चुका शोधतो. मिल्नर बंधूंनी याची कल्पनाही केली नसेल. त्यांच्यावर हा थोडा अन्यायच आहे.

आता झाड. त्याला सिनेमात टबाँगा म्हणतात. पूर्वीही असाच एक सूडानं पेटलेला टबाँगा होऊन गेला, अशी बेटावर दंतकथा आहे. त्याचं रूप मूळ रेखाटलं पॉल ब्लेझडेलनं. त्या दशकातल्या स्वस्त अमेरिकन राक्षसांचा हा विश्वकर्मा. घरच्या कारखान्यात रबर आणि फोम चिकटवून यानं शुक्रावरची अक्राळविक्राळ भोपळ्यासारखी वस्तू केली, समुद्रातून येणारी बाई केली, मोठ्या डोक्याचे परग्रहवासी केले. टबाँगाचा पोशाख मात्र दुसऱ्यांनी बनवला आणि आत शिरला चेस्टर हेज नावाचा माणूस.

हा पोशाख नीट बघण्यासारखा आहे. जाडजूड खोड, साल सोलल्यासारखी, वर तुटक्या फांद्यांचे दोन खुंट. हात म्हणजे मुळंच. पाय एकत्र बांधल्यासारखे, त्यामुळे पाऊल टाकायचं म्हणजे अख्खं खोड आधी डावीकडे कलणार, मग उजवीकडे. आणि चेहरा! भुवया नाकाच्या मुळाशी आवळलेल्या, डोळ्यांच्या जागी खोल खोबण्या, तोंडाची दोन्ही टोकं खाली ओढलेली. दुपारी डोळा लागताच कुणी दार वाजवावं आणि ते साबण विकणारे निघावेत, तेव्हा आजोबांचा होतो तसा. छातीत तो खंजीर अजून तसाच, मूठ बाहेर. चालताना तो किंचित हलतो. सूडकथेत नायकाच्या जखमा भरून येतात, इथे जखम हत्यारासकट फिरते. कुणीतरी यावर मन लावून विचार केलाय, हे त्या मुठीकडे बघून कळतं. पैसे नसतील, पण विचार होता.

अडचण अशी की या झाडाला पळता येत नाही, वाकता येत नाही, वळायचं तर अर्धवर्तुळ मारावं लागतं. लहान मूलसुद्धा चालत चालत त्याच्यापासून सुटेल. म्हणजे बळी जाणाऱ्यानंच सहकार्य करायचं. उभं राहायचं, तोंडावर हात घ्यायचा, किंचाळायचं आणि झाड पोहोचेपर्यंत तिथेच थांबायचं. या एका मुद्द्यावर मी जितकी मतं ऐकलीत तितकी दुसऱ्या कशावर ऐकली नाहीत. माझा भाचा इंजिनियरिंगला आहे. त्याला हा सिनेमा दाखवला तेव्हा त्यानं पहिला खून होताना कपाळावर हात मारला. "मावशी, बाजूला सरक म्हणावं तिला. फक्त बाजूला!" दुसऱ्या वेळी तो झाडाच्या बाजूनं झाला. "काय कष्ट घेतंय ते बिचारं. ये ये, पोचलास, अजून दोन पावलं." शेवटी म्हणाला, "भंगार आहे, पण क्यूट आहे यार." हल्लीच्या प्रेक्षकांचं सरासरी मत याहून फार वेगळं नसावं.

शेजारचे काका वेगळ्या पिढीचे. कॉलेजात असताना मॉर्निंग शोला इंग्रजी भयपट चुकवला नाही, असं ते अजून अभिमानानं सांगतात. त्यांचं मत तांत्रिक. "भीती घालायला पैसे लागत नाहीत, अंधार लागतो. यांनी झाड भर उजेडात आणून उभं केलं. नुसती सावली दाखवली असती, फांदीचा आवाज दिला असता, तर आपली फाटली असती." हे पटण्यासारखं आहे. हॉलिवूडमध्येच चाळीसच्या दशकात आरकेओ स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटननं हेच केलं. हाताशी पैसे कमी, म्हणून त्यानं राक्षस दाखवायचं टाळलं आणि सावल्यांवर सिनेमे काढले, तेही जंगलातल्या ढोलांसकट. पण काकांचं ऐकून सिनेमा काढला असता तर तो चेहरा आपल्याला दिसलाच नसता. मग सत्तर वर्षांनी या सिनेमाचं नाव कुणी घेतलं असतं? सावल्यांचे चांगले सिनेमे बरेच आहेत. छातीत खंजीर घेऊन हिंडणारं चिडकं झाड एकच आहे.

लांज्याच्या आत्याचा आक्षेप सगळ्यांत मूलभूत निघाला. ती सुट्टीत आमच्याकडे आलेली, लॅपटॉपवर शेंगा सोलत सोलत बघत होती. झाडात मेलेला माणूस शिरतो, याचं तिला काहीच वाटलं नाही. त्यात काय? मुंजा पिंपळावर असतोच. तिला खटकलं ते चालणं. "झाड सोडून मुंजा हिंडेल, माणसाला धरेल. पण झाडान् कशाला पाय मोडून घ्यायचे गो?" मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडची भुतं जागेला धरून असतात. पिंपळाचा तो पिंपळावर, विहिरीचा तो विहिरीत, वेशीवरचा वेशीवर. तुम्ही त्यांच्या हद्दीत गेलात, अवेळी गेलात, काही ओलांडलंत, तर चूक तुमची. हॉलिवूडच्या राक्षसाला मात्र उठून आपल्याकडे यावंच लागतं, नाहीतर सिनेमा कसा होणार. आत्यानं शेंगांची टरफलं गोळा केली आणि निकाल दिला, "चांगला आहे. पण भुताला रीत नाही."

अमेरिकेत हा सिनेमा मनापासून जपणारा एक मोठा वर्ग आहे. आता सत्तरीच्या आसपास असलेली माणसं. साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या स्थानिक टीव्ही वाहिन्यांवर शनिवारी असले जुने भयपट लागत. कुणीतरी शवपेटीतून उठून, काळा डगला घालून, पाचकळ विनोद करत ते सादर करी. सात-आठ वर्षांच्या पोरांनी गालिच्यावर पालथं पडून टबाँगा पाहिला आणि तो त्यांच्या मनात जाऊन बसला. या माणसांची मतं वाचताना एक गोष्ट सारखी दिसते. ते आधी कबूल करतात की सिनेमा वाईट आहे, संवाद रटाळ आहेत, पहिला अर्धा भाग सरता सरत नाही. मग हळूच सांगतात की त्या रात्री खिडकीबाहेरचं झाड बघून आपण पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ते सिनेमाबद्दल बोलतच नसतात. त्यांच्यासाठीच मग डीव्हीडी निघाली, पुढे ब्लू-रेसुद्धा निघाली. मूळ सिनेमाला लाभलं नाही इतकं स्वच्छ चित्र आता आहे, आणि त्यात पोशाखाचे सांधे अधिकच स्वच्छ दिसतात.

बाकी तक्रारी ठरलेल्या. बेटावरचे रहिवासी थेट अमेरिकन शहरातल्यासारखं इंग्रजी बोलतात, आणि त्यांतले मुख्य तर गोरे नटच आहेत, अंगाला रंग फासलेले. मिसेस किलगोर नावाची एक व्यापारी विधवा आहे. नटी लिंडा वॉटकिन्स. तिचा उच्चार कधी लंडनचा तर कधी ऑस्ट्रेलियाचा. झाडानं हिला का नाही उचललं, असं विचारणारे खूप. माझं मत उलट आहे. सिनेमातली हीच एक बाई जिवंत वाटते, कारण ती एकटीच कुणाच्या प्रेमात नाही आणि कुणाला वाचवायला आलेली नाही.

याउलट डॉक्टर टेरी मेसन. ही शास्त्रज्ञ, कामात हुशार. आणि नायक डॉक्टर बिल अरनॉल्ड येता-जाता तिच्यामागे लग्नाचं टुमणं लावतो. झाडाच्या बुंध्यात हृदयाचे ठोके ऐकू येतायत, बेटावर साथ पसरलीय आणि याचं चाललंय, तू करियर सोडून संसार कधी करणार. आजच्या मुली हे बघून वैतागतात, त्यांचं बरोबरच आहे. तरीपण एक सांगायला हवं. सिनेमात जे काही महत्त्वाचं घडतं ते टेरीमुळे. उगवलेला बुंधा किरणोत्सर्गी आहे, त्यात ठोके आहेत, आणि ते मंदावतायत, हे कळल्यावर ती मंडळी तो उपटून प्रयोगशाळेत आणतात आणि टेरी त्याला इंजेक्शन देते, जगावा म्हणून. सकाळी प्रयोगशाळेची मोडतोड झालेली आणि पेशंट पसार. डॉक्टरनं पेशंट वाचवला, एवढंच तिनं केलं. तिला दोष देणारे प्रेक्षक मला नेहमी जरा उतावळे वाटतात.

इथवर सगळं हसण्याचंच आहे. पण या सिनेमात एक धागा आहे ज्याबद्दल, इतकी मतं वाचून-ऐकूनसुद्धा, फार थोडे लोक बोलतात. त्या बेटावर अमेरिकन शास्त्रज्ञ मुळात आलेत कशाला? अणुस्फोटाच्या चाचणीची धूळ वाऱ्यानं या बेटापर्यंत आलीय, तिचा परिणाम मोजायला. रहिवाशांना वाटतं की या परक्यांच्या सैतानी धुळीमुळेच आपली माणसं मरतायत. मांत्रिक तेच सांगून लोकांना चिथावतो. आणि सिनेमातले शास्त्रज्ञ एकमेकांना सांगतात, की किरणोत्सर्ग किरकोळ आहे, माणसं मरतायत ती प्लेगनं, आणि या अडाणी लोकांना ते पटवायचं कसं हीच खरी पंचाईत. सिनेमाच्या हिशेबात धुळीला भिणारा तो अंधश्रद्ध, आणि धूळ किरकोळ म्हणणारा तो शहाणा.

आता सिनेमा बाजूला ठेवून खरी बेटं बघू. मार्शल बेटांतल्या बिकिनीवरच्या 167 रहिवाशांना अमेरिकी नौदलानं 1946 च्या मार्चमध्ये हलवलं. त्यांना सांगितलं होतं की मानवजातीच्या भल्यासाठी आणि जगातली युद्धं संपवण्यासाठी तुमचं बेट हवं आहे. ज्या राँगेरिक बेटावर त्यांना नेलं तिथे पुरेसं अन्न नव्हतं, आणि दोन वर्षांत उपासमारीनं त्यांना तिथूनही हलवावं लागलं. 1946 ते 1958 या काळात अमेरिकेनं मार्शल बेटांवर 67 अण्वस्त्र चाचण्या केल्या. त्यांतली सगळ्यांत मोठी 1 मार्च 1954 ची, कॅसल ब्राव्हो. अंदाज सहा मेगाटनांच्या आसपासचा होता, निघाली 15 मेगाटनांची. हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजार पट. इंधनातल्या लिथियमचा जो भाग काही करणार नाही असं धरलं होतं, त्यानंही स्फोटात हात धुऊन घेतले.

सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या राँगेलाप बेटावर काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. झाडांवर, घरांवर, पिण्याच्या पाण्यात. मुलं त्यात खेळली. संध्याकाळपर्यंत अंगाची आग आणि उलट्या सुरू झाल्या, पुढे केस गळायला लागले. दोन दिवसांनी त्यांना तिथून काढलं. तीच राख समुद्रात 'फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवरही पडली. बोटीवर 23 जण होते. त्यांचा रेडिओ ऑपरेटर सहा-सात महिन्यांत गेला. आपल्याकडे पंडित नेहरूंनी 2 एप्रिल 1954 ला लोकसभेत उभं राहून चाचण्या जागच्या जागी थांबवण्याची मागणी केली ती याच पार्श्वभूमीवर. त्याच महिन्यात मार्शल बेटांच्या रहिवाशांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता. अर्ज, लेखी, रीतसर. ढोल वाजवून नाचणाऱ्या कुणाची ही भाषा नव्हती.

आणि राँगेलापच्या माणसांना बेट आता सुरक्षित आहे असं सांगून परत कधी नेलं? 1957 च्या मध्याला. 'फ्रॉम हेल इट केम' थिएटरात लागायच्या काही आठवडे आधी.

हे मला पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी सिनेमा पुन्हा लावला आणि मांत्रिक टॅनोचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं. खलनायक आहे तो, विष घालणारा, कारस्थानी, यात वाद नाही. पण धुळीबद्दल तो जे बोलतो तेवढं जरा निराळं काढून बघितलं, तर त्या क्षणी त्या महासागरात तेच बरोबर होतं. प्रयोगशाळेतल्या सुशिक्षित, सज्जन, दाढी केलेल्या माणसांचं चुकत होतं. लहानपणी राख अंगावर घेतलेल्या राँगेलापच्या मुलांच्या गळ्यात 1963 पासून थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या. 1985 मध्ये तिथल्या लोकांनी कुणाची वाट न बघता ग्रीनपीसच्या जहाजातून स्वतःहून बेट सोडलं.

आणखी एक मजा बघा. टबाँगा मारतो कुणाला? कोरेला उचलून दलदलीत टाकतो. नव्या सरदाराला मारतो. मांत्रिक खड्डा खणून त्याला आत पाडतो, आग लावतो. झाड त्यातूनही बाहेर येतं आणि पुढे मांत्रिकही सुटत नाही. म्हणजे बेटावर अमेरिकनांच्या विरोधात असलेली माणसं झाड एकेक करून संपवतं. किमो जिवंतपणी अमेरिकनांचा मित्र होता, मेल्यावरही त्यानं मैत्री निभावली. शास्त्रज्ञांना बोटही उचलावं लागलं नाही. त्यांची पाळी येते ती अगदी शेवटी, झाड टेरीला घेऊन निघतं तेव्हा. मग बिल त्या खंजिराच्या मुठीवर नेम धरून गोळी झाडतो, खंजीर आरपार काळजात जातो आणि टबाँगा दलदलीत बुडतो. राक्षस संपला, विरोधकही संपले, आणि बेटावरचे उरलेले लोक आता डॉक्टरांचं ऐकायला तयार. इतका सोयीचा राक्षस क्वचितच कुणाला मिळाला असेल.

हे मी एकदा मित्रमंडळींत बोलले तर एकानं ताडकन उत्तर दिलं, "अगं, टाइमपास सिनेमा आहे तो. कशाला त्यात राजकारण शोधतेस?" मी शोधलं नाही, ते त्यातच आहे. मिल्नर बंधू काही धोरणं आखायला बसले नव्हते. आठवड्या-दोन आठवड्यांत सिनेमा पुरा करायच्या घाईतल्या माणसाला नवीन काही सुचत नाही, हवेत जे असतं ते तो उचलतो. म्हणूनच स्वस्त सिनेमात काळ जास्त उघडा सापडतो. मोठ्या दिग्दर्शकाकडे झाकायला वेळ असतो. जपानमध्येही 1954 च्या नोव्हेंबरात याच चाचण्यांच्या धक्क्यातून रबरी पोशाखातला राक्षस आला, गॉडझिला. तो लोकांना आपल्यावर कोसळलेली आपत्ती वाटला. इथला राक्षस अमेरिकनांचं काम करून देतो. पोशाखात दोन्हीकडे घामाघूम झालेला माणूसच, पण राख कुणावर पडली होती हे बघितलं की फरक कळतो.

आपणही याबाबतीत फार ताठ मानेनं बोलू नये. मुंबईत होमी वाडियांनी 1937 सालीच 'तूफानी टारझन' काढला होता, 1958 मध्ये 'झिम्बो' आला, आणि पुढे कितीतरी हिंदी सिनेमांत अंगाला काळा रंग फासलेली माणसं कमरेला पानं बांधून 'झिंगालाला' करत नायिकेला खांबाला बांधत राहिली. त्यावरही आपण मनमुराद हसलो. ज्यांच्या जंगलात धरण आलं, खाण आली, ती माणसं सिनेमात नाचत होती आणि बाहेर तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर अर्ज घेऊन बसलेली होती.

तरी मी हा सिनेमा बघायचं सोडलेलं नाही, आणि ते झाड दिसलं की अजूनही हसू येतं. ब्लेझडेलनं रेखाटलेल्या त्या चेहऱ्यावरचा राग मात्र मला हल्ली सिनेमातली सगळ्यांत खरी गोष्ट वाटते. गोष्टीत तो राग चुकीच्या माणसांवर निघतो. पण चेहऱ्याला गोष्ट माहीत नसते. पोशाखाच्या भोकांतून हेजसाहेब कुठे बघतायत कळत नाही, त्यामुळे झाड सगळ्यांकडेच सारखं रागानं बघतं, शास्त्रज्ञांकडेसुद्धा.

भाच्यानं परवा फोन करून सांगितलं की हॉस्टेलवर त्यानं मुलांना हा सिनेमा दाखवला. दोघं झोपली, एकाला झाड आवडलं, आणि एक मुलगा शेवटी विचारत होता की त्या बेटावरचा किरणोत्सर्ग मोजायला आले होते, तो आकडा शेवटी किती निघाला ते सिनेमात सांगितलंच नाही. भाचा म्हणाला, "मावशी, मी त्याला तुझा नंबर दिलाय."